नवख्याचे सोंग

पेडणे महालात दशावतारी खेळ पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात संवाद लिहिलेले नसतात. खेळापूर्वी कथा ठरते. बोलणे मात्र ज्याचे त्याने आयत्या वेळी रचावयाचे. म्हणून नवखा नट अडखळला, तर समोरच्यानेच त्याला सावरून घ्यावे लागते.

परवा एका मुलाला मी मोबाईलवर खेळत बसल्याबद्दल रागावलो. त्याने मोबाईल मुकाट्याने माझ्यापुढे धरला. दूरदूरची मुले आपापले सोंग घेऊन एकच कथा रचीत होती. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कुळातलाच तो खेळ.

“नवा कोणी आला, की आम्ही आधी त्याचे नाव विचारतो आणि एखादे सोपे काम देतो,” तो म्हणाला. “मलाही असेच घेतले. गावात मला कोणी विचारीत नाही, फादर.”

त्याचे कुटुंब गावी येऊन दोन वर्षे झाली. त्याचे नाव मलाही ठाऊक नव्हते!

ते मी तेव्हा विचारले. येत्या नाताळच्या नाटुकल्यात तो मेंढपाळ होणार आहे. वाक्य एकच आहे. तो अडखळलाच, तर समोरच्यांनी सावरून घ्यावे, ही विनंती.