आणि इतर पाच

७ मार्च २०१७ ला गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं सहा माणसांना दोषी ठरवलं. निकालपत्र ८२७ पानांचं. पाच जणांना जन्मठेप, एकाला दहा वर्षं. त्या सहातलं एक नाव साऱ्या देशाला ठाऊक झालं, प्रा. जी. एन. साईबाबा. बाकीची पाच नावं आपल्या गडचांदूरच्या चौकात उभं राहून विचारा. कोणी सांगू शकणार नाही. बातमीत ते 'इतर पाच' असतात.

त्या पाचांतले दोघं आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले. एटापल्ली तालुक्यातले आदिवासी शेतकरी, महेश तिरकी आणि पांडू नरोटे. तिसरा विजय तिरकी, पलीकडच्या छत्तीसगडचा. हेम मिश्रा विद्यार्थी, प्रशांत राही पत्रकार. दिल्लीत ज्याच्यासाठी सभा झाल्या त्याच्याबद्दल खूप लिहून आलं, आणि यायलाच पाहिजे होतं. मी आज पांडूपासून सुरुवात करतो.

पांडूला ऑगस्ट २०१३ मध्ये अटक झाली. २०१७ ला जन्मठेप. त्यानं उच्च न्यायालयात अपील केलं. ते अपील नागपूर खंडपीठात पडून होतं, तेव्हा नागपूर कारागृहात त्याला स्वाइन फ्लू झाला आणि २५ ऑगस्ट २०२२ ला सरकारी दवाखान्यात तो गेला. तिशीतला माणूस. १४ ऑक्टोबर २०२२ ला खंडपीठानं निकाल दिला की हा खटलाच कायद्यानं टिकत नाही, सगळे निर्दोष.

मधे किती दिवस गेले? पन्नास.

हे आकडे मी कितीदा तरी मोजले आहेत. कारण कोणी म्हणालं की "शेवटी सुटले ना भाऊ, कोर्टानं न्याय केलाच की", की मला हे पन्नास दिवस आठवतात.

आता प्रकरण नेमकं कुठं फसलं ते समजून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच गोष्टी फिरतात. एका गटाचं म्हणणं, नक्षलवाद्याला तांत्रिक कारणावर सोडलं. दुसऱ्याचं म्हणणं, सगळंच कुभांड होतं. निकाल दोघांनीही वाचलेला नसतो.

यूएपीए हा कायदा फार कडक आहे. जामीन मिळणं कठीण, शिक्षा मोठी. म्हणून संसदेनंच त्यात एक कुलूप बसवलं. सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्टानं खटल्याची दखलच घ्यायची नाही, हे कलम ४५ मध्ये आधीपासून होतं. २००८ मध्ये, मुंबई हल्ल्यानंतर लगेच, कायदा आणखी कडक करताना त्यात जोडलं की ती मंजुरी देण्याआधी एका स्वतंत्र प्राधिकरणानं पुरावा तपासून अहवाल द्यायचा. शिफारशीला सात दिवस, मंजुरीला सात दिवस. कडक कायद्याच्या हाती निरपराध माणूस लागू नये, एवढ्यासाठीच हे कुलूप.

या खटल्यात काय झालं? साईबाबांवरचे दोषारोप फेब्रुवारी २०१५ मध्ये निश्चित झाले. त्यांच्यावर खटला चालवायची मंजुरी आली एप्रिल २०१५ मध्ये. तोपर्यंत एक साक्षीदारही तपासून झाला होता. बाकी पाचांची मंजुरी वेळेत होती, पण तिच्यामागचा अहवाल म्हणजे अर्ध्या पानाचा मोघम कागद. पुराव्यात काय पाहिलं, का पटलं, काहीच नाही. न्या. रोहित देव आणि न्या. अनिल पानसरे यांच्या खंडपीठानं सांगितलं की मंजुरी ही नुसती औपचारिकता नाही, आणि खटला रद्द ठरवला.

हा निकाल शुक्रवारी आला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सुट्टीच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालय खास बसलं आणि निकाल स्थगित झाला. सहा महिन्यांनी, १९ एप्रिल २०२३ ला, प्रकरण पुन्हा नागपूरला पाठवलं, दुसऱ्या न्यायमूर्तींपुढं, नव्यानं ऐकायला.

मला शनिवारी कोर्ट बसल्याचं दुःख नाही. कोर्टानं रोज बसावं, रात्रीही बसावं. एवढंच वाटतं की शिक्षा थांबवायला माणूस पाच-पाच वर्षं रांगेत उभा राहतो आणि सुटका थांबवायला चोवीस तास पुरतात, हे सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसतं. त्याला कायद्याची पदवी लागत नाही.

५ मार्च २०२४ ला दुसरा निकाल आला. न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझेस. या वेळी खंडपीठ मंजुरीवर थांबलं नाही, पुराव्यातही शिरलं. जप्ती नीट सिद्ध होत नाही. साईबाबांच्या घराच्या झडतीला जो पंच घेतला त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. कॉम्प्युटरमधला पुरावा भरवशाचा नाही. आणि इंटरनेटवरून नक्षली विचाराचं साहित्य उतरवून घेणं हा आपोआप गुन्हा होत नाही. सगळे पुन्हा निर्दोष. राज्य सरकार परत दिल्लीला गेलं. ११ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती नाकारली आणि म्हटलं की निकाल प्रथमदर्शनी चांगला कारणं देऊन लिहिलेला दिसतो.

म्हणजे 'तांत्रिक कारण' ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी सांगायला कोणी उरत नाही, कारण तोवर चॅनल दुसऱ्या विषयावर गेलेलं असतं.

साईबाबा ७ मार्च २०२४ ला नागपूर कारागृहाबाहेर आले, दोषी ठरल्याच्या तारखेपासून बरोबर सात वर्षांनी. नव्वद टक्के अपंग, व्हीलचेअरवरचा माणूस. दरम्यान २०२० मध्ये आई वारली, पॅरोल मिळाला नाही. २०२१ मध्ये कॉलेजनं नोकरीतून काढलं. १२ ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादच्या निम्स रुग्णालयात ते गेले. बाहेरचं आयुष्य मिळालं ते सात महिने पाच दिवस.

आता एक प्रश्न मला येणारच, म्हणून आधीच घेतो. "तुम्ही नक्षल्यांची बाजू घेता काय?"

नाही बाप्पा. मी चंद्रपूर-गडचिरोलीत बातमीदारी केली आहे. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन, कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला स्फोटात पंधरा पोलीस जवान आणि गाडीचा ड्रायव्हर गेले. अशा घरांतल्या बायांचं रडणं ज्यानं ऐकलं तो हिंसेची बाजू घेणार नाही. पण म्हणूनच विचारतो. सरकारजवळ पक्का पुरावा होता, तर मंजुरीचा एक कागद वेळेवर का नाही आला? स्वतंत्र प्राधिकरणाचा अहवाल अर्ध्या पानात का उरकला? वाचता येणारा पंच अख्ख्या दिल्लीत सापडला नाही? गुन्हेगार होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर जास्त चिडायला पाहिजे. जवानांच्या घरच्यांना न्याय हवा आहे, कोणालाही उचलून भरलेली संख्या नको आहे.

हा प्रश्न आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी आणि संघराज्याची वेगळी. राज्याच्या कोर्टानं शिक्षा दिलेला कैदी तिथले सगळे उपाय संपल्यावर संघराज्याच्या कोर्टात अर्ज करू शकतो की मला संविधान मोडून डांबलं आहे, तपासा. १९९६ मध्ये तिथं कायदा करून या अर्जाला साधारण एक वर्षाची मुदत घातली, आणि दार बरंच अरुंद झालं.

आपल्याकडं अशी दोन घरं नाहीत. एकच शिडी आहे. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. त्यावर पुनर्विचार अर्ज, मग क्युरेटिव्ह. आणि मूलभूत हक्क मोडला तर कलम ३२ खाली थेट दिल्ली. बाबासाहेबांनी घटना समितीत या कलमाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. तो आत्मा अजून जागा आहे याचं उदाहरण नागपूरचंच आहे. दुपारे प्रकरणात फाशी कायम झाली, पुनर्विचार अर्ज गेला, राष्ट्रपतींनी दया नाकारली. तरीही २५ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३२ खाली शिक्षेचा मुद्दा पुन्हा ऐकायचं ठरवलं. दोषसिद्धी तशीच राहिली, पण फाशी देताना जे तपासायला हवं होतं ते तपासलं गेलं नाही, हे मान्य झालं.

शिडी आहे, मजबूत आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. शिडी चढेपर्यंत माणूस जिवंत पाहिजे.

आणि शिडी आहे हे त्याला कळलं पाहिजे. माणिकगड पहाडावरचा एक कोलाम बाप मला काही वर्षांआधी भेटला होता. पोराला सत्र न्यायालयात शिक्षा लागलेली, प्रकरण साधंच, मारामारीचं. निकालाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. म्हणाला, "साहेब, याच्यात काय लिवलं हाय, मले वाचून सांगा." पिशवीवरची गाठ इतकी घट्ट होती की त्यानं ती दातानं सोडवली. निकालाला चार महिने झाले होते. अपिलाची मुदत असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वकिलानं "पाहू" म्हटलं होतं, आणि तो पाहत बसला होता. एटापल्लीकडं तर घरात माडिया बोलतात, निकाल इंग्रजीत येतो, आणि खंडपीठ अडीचशे किलोमीटरच्या वर. तिथल्या बापानं कोणाकडं पिशवी न्यावी?

हेही नवं नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आपल्याच राज्याचं एक प्रकरण आलं, होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र. कैदी म्हणाला, मला निकालाची नक्कलच मिळाली नाही, म्हणून अपिलाला चार वर्षांवर उशीर झाला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याचं अपील घेतलं नाही, पण नियम घालून दिला. कैद्याला नक्कल मोफत आणि वेळेत, आणि गरज असेल तर अपिलाला वकीलही मोफत. हे उपकार नाहीत, जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

म्हणून ज्यांच्या घरातलं कोणी आत आहे त्यांच्यासाठी सरळ सांगतो, ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोहोचवा.

एक, शिक्षा लागली की निकालाची नक्कल लगेच मागा. ती आरोपीला फुकट मिळते.

दोन, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपील साठ दिवसांत करायचं, फाशी असेल तर तीस. उशीर झाला तरी कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, हातपाय गाळू नका.

तीन, कैदी तुरुंगातूनच अधीक्षकामार्फत अपील पाठवू शकतो.

चार, वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. कोठडीतला माणूस, अनुसूचित जाती-जमातीचा, बाई, मूल, अपंग, यांना १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील आहे. उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे सांगा.

आणि सरकारला एक विचारणं. ५ मार्च, हीच तारीख, पण २०१९ ची. नाशिकजवळच्या २००३ च्या खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये फाशीची शिक्षा दिली होती. त्याच न्यायालयानं दहा वर्षांनी ते निर्दोष आहेत असं म्हटलं आणि राज्याला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. सोळा वर्षांचे पाच लाख. तेही त्या एका निकालात म्हटलं म्हणून. चुकीच्या खटल्याची भरपाई द्यायचा कायदा करा, असं विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात सांगितलं. तो कायदा झालेला नाही.

मला साईबाबांचा पुतळा नको, नक्षल्यांचा उदोउदो नको. आत असलेल्या माणसाचं अपील किती महिन्यांत ऐकणार याची मुदत हवी, जशी त्याला अपील करायला साठ दिवसांची मुदत आहे. मुदत फक्त एकाच बाजूला का?

पुढच्या वेळी बातमीत 'आणि इतर' दिसलं, की थांबा आणि नावं विचारा. या खटल्यातलं एक मी सांगितलं आहे. पांडू नरोटे. तालुका एटापल्ली, जिल्हा गडचिरोली.