टिक्

वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याशी माझं गॅरेज आहे. उन्हाळ्यात अर्ध्या घाटातून माघारी फिरलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. बोनेटखालून वाफ, काटा लाल पट्टीत आणि मालकाचा चेहराही जवळपास त्याच रंगाचा. गाडी निवेपर्यंत मी रेडिएटरच्या झाकणाला हात लावत नाही. मग पाणी भरायचं, इंजिन चालू करायचं आणि नुसतं ऐकत उभं राहायचं. काटा अर्ध्यावर गेला की पंख्यानं घूं करून उठायला हवं. नाही उठला, तर शोध सुरू.

जुन्या गाड्यांत पंख्याला उठवतो तो अंगठ्याएवढा पितळी स्विच. आत दोन धातूंची एक चकती असते. ठरलेल्या तापमानाला ती पट्कन उलटी वाकते आणि सर्किट जुळतं. अंगावर ९२-८७ असे आकडे असतील, तर ९२ अंशांना चालू, ८७ ला बंद. नव्या गाड्यांत हे काम सेन्सर आणि कॉम्प्युटर वाटून घेतात, तिथे माझी ही विद्या चालत नाही.

परीक्षा सोपी आहे. इग्निशन चालू ठेवून स्विचचा कनेक्टर उपसायचा आणि दोन्ही पिना वायरच्या तुकड्यानं जोडायच्या. एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवायची. बोटं मात्र पंख्यापासून लांब. पंखा फिरला, तर मोटर, फ्यूज, रिले सगळं ठीक, दोषी स्विच. नाही फिरला, तर स्विचला उगाच बदनाम करू नये. पाणी कमी असलं तरी स्विच गप्प बसतो, कारण त्याच्या टोकाला पाणीच लागत नाही.

उमेदीत मी सर्रास ‘डायरेक्ट’ करून द्यायचो. पंखा थेट इग्निशनला जोडला की काम पाच मिनिटांत. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. पण मग थंडीतल्या सकाळी इंजिन तापायलाच तयार नसतं, पेट्रोल जास्त जळतं, मोटरही लवकर झिजते. स्वस्त स्विच वाचवून महागडी मोटर घालवायची, हा कसला हिशेब? आता कोणी कितीही गळ घातली तरी करत नाही.

बदलण्यात फारसं काही नाही. थंड इंजिनावर जुना स्विच सोडायचा, भोकावर अंगठा दाबायचा, नवं वॉशर घातलेला नवा लावायचा. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर पान्याचा जोर दाखवू नये. आणि एका वायरच्या स्विचला टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण त्याची अर्थिंग आट्यांतूनच जाते. शेवटी हवा काढून कुलंट भरला की झालं.

तरी एकदा फसलोच. पाचगणीच्या एका निवृत्त मास्तरांची गाडी होती. वायर जोडली, पंखा फिरला, नवा स्विच लावला. मास्तर जुना मागून घेऊन गेले. दोन दिवसांनी फोन आला, “अहो, उकळत्या पाण्यात घालून मीटर लावला. अगदी मेलाय!” त्यांचं समाधान झालं, माझं नाही. त्या स्विचवर ९९ लिहिलेलं मला आठवत होतं. पाचगणीच्या उंचीवर उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरमध्ये दाब असतो म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. पातेल्यात कुठला आलाय दाब?

स्विच मागवून घेतला. वाईतही पाणी शंभरच्या आतच उकळतं, म्हणून स्टोव्हवर तेल ठेवलं, थर्मामीटर लावला. ९९ ला बारीकसा ‘टिक्’ आवाज आला आणि मीटर बोलला. ठणठणीत! मग गाडीच बोलावून कनेक्टर नीट पाहिला. पिनांवर अजून हिरवट गंज होता. माझ्या वायरीनं तो खरवडून वाट काढली होती, नवा स्विच चालला तोही चार वेळा काढघाल झाल्यामुळे.

मास्तरांना सांगितलं, पैसे परत केले. ते हसले, नवा स्विच राहू द्या म्हणाले. जुना त्यांच्या डिकीत स्टेपनीशेजारी फडक्यात गुंडाळलेला असतो. दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, ते गाडी घेऊन खाली येतात आणि मी फक्त कनेक्टर उघडून पाहतो.