साखरेपासून श्रीगणेशा

परकी भाषा शिकावी ती लहानपणी, असे शहाणी माणसे सांगतात. उतारवयात हरिपाठ म्हणावा, नातवंडांना गोष्टी सांगाव्यात! पण नातवंडाला आपली गोष्टच कळत नसेल तर? माझा नातू माद्रिदला वाढतो आहे. त्याची आई तिकडची. त्याचे मराठी ‘आजी’ आणि ‘लाडू’ या दोन शब्दांत आटोपते. तेव्हा म्हटले, आपणच स्पॅनिशचा श्रीगणेशा करावा.

आणि काय सांगू, पहिल्याच धड्यात माहेरची माणसे भेटली! साखरेला तिकडे ‘आथूकार’ म्हणतात. आपली ‘शर्करा’ इराणात ‘शकर’ झाली, अरबांकडे ‘सुक्कर’ झाली. स्पेनमध्ये ७११ साली आलेली मुसलमानी सत्ता कुठे ना कुठे १४९२ पर्यंत टिकली. त्या काळात ती तिथे रुजली. सासरी निघालेल्या मुलीबरोबर पाठराखीण जावी, तसे अरबीतले ‘अल्’ हे उपपदही ‘अस्’ होऊन तिच्याबरोबर गेले आणि कायमचे तिथेच राहिले. आपले ‘नारंग’ही असेच फिरत फिरत ‘नारांखा’ झाले.

व्याकरणाची मात्र धास्ती होती. पण नामांची लिंगे दोनच. तीन लिंगे सांभाळणाऱ्या आपल्याला त्याचे काय? चंद्र तेवढा स्त्रीलिंगी, म्हणजे आपला चांदोमामा तिकडे मावशी होतो! पुढे ‘मे गुस्ता’ आले आणि मी खूषच झाले. इंग्रजीत ‘आय लाइक’ म्हणताना आवडणारा कर्ता होऊन मिरवतो. स्पॅनिशमधला ‘मे’ म्हणजे चक्क आपला ‘मला’. एक आंबा असला तर ‘गुस्ता’, अनेक असले तर ‘गुस्तान’; मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडखळतात, आपण मात्र सहज पार होतो.

अडले ते ‘आहे’पाशी. त्यांच्याकडे ‘आहे’ दोन. मी मराठी आहे, तिथे ‘सेर’. मी थकले आहे, मी घरात आहे, तिथे ‘एस्तार’. कायमचे ते सेर, तात्पुरते ते एस्तार, असे नवशिक्यांना सोपे करून सांगतात. पण मेलेल्या माणसालाही एस्तारच लावतात! मरणाहून कायमचे ते काय? मग उलगडा झाला. एस्तारचे मूळ लॅटिनमधल्या ‘उभे राहणे’ या क्रियापदात आहे. आपल्या ‘स्था’चे ते भावंड. माणूस पालटून ज्या अवस्थेत येतो, तीही एस्तारच सांगते.

गेल्या वर्षी आमचे हे गेले. त्यानंतरच्या रविवारी नातवाने पडद्यावरून विचारले, “दोन्दे एस्ता एल आबुएलो?” आजोबा कुठे आहेत? प्रश्नात एस्तार आणि उत्तरातही एस्तारच. सूनबाई काही बोलणार तोच मी म्हटले, “एस्ता मुएर्तो.” तो गप्प बसून माझ्याकडे पाहत राहिला.

तेव्हा मला नुकताच शिकलेला काळ आठवला. आपल्या रीतिभूतकाळासारखाच तो. पूर्वी नेहमी घडत असे, ते त्यात सांगतात. मी म्हटले, “ले गुस्ताबान लोस मांगोस.” त्यांना आंबे फार आवडत.

“आणि आणखी काय काय?” त्याने त्याच्या भाषेत विचारले.

मग मी सांगत बसले.