देखरेख आणि पाळत

आमच्या शाळेत संगणकाचे वेगळे शिक्षक नाहीत. त्यामुळे उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाकडेच इंटरनेटची दुरुस्तीही येते. दोन इमारती, एक राउटर, चार स्विच, वाय-फायचे डबे आणि ऑफिसातला निकालांचा सर्व्हर. सुट्टीत यातलं काही बंद पडलं तर शाळा उघडल्यावरच कळायचं. म्हणून एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं आणि त्यावर नागिओस बसवलं.

एथन गालस्टॅड यांनी 1999 मध्ये नेटसेंट या नावाने आणलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर, 2002 पासून नागिओस म्हणून ओळखलं जातं. काम साधं. दर काही मिनिटांनी ते प्रत्येक यंत्राला विचारतं, आहेस का? उत्तर आलं नाही तर लगेच बोंब मारत नाही. ठरवून दिलेल्या वेळा पुन्हा विचारतं, मगच निरोप धाडतं. खबर मिळाली की आधी खातरजमा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण मला इथे हमखास आठवते.

हे सगळं दिसतं एका वेब पानावर, आणि ते पान अपाचे हा वेब सर्व्हर दाखवतो. मला ते घरून बघायचं होतं. पण त्या पानावर शाळेच्या प्रत्येक यंत्राचं नाव आणि पत्ता असतो. भल्या माणसाला ती यादी, चोराला घराचा नकाशा. म्हणून दार उघडण्याआधी कड्या-कुलपं पाहिली.

अपाचेत नाव आणि पासवर्ड विचारायची सोय आहे, पण साध्या एचटीटीपीवर तो पासवर्ड जवळजवळ उघडाच प्रवास करतो. वाटेत ऐकणाऱ्याला तो सहज वाचता येतो, म्हणून एचटीटीपीएस हवंच. तरीही ते पान साऱ्या जगापुढे ठेवायला मन घेईना. मग वायरगार्डचा बोगदा केला. राउटरवर त्याचं एकच पोर्ट उघडं ठेवलं आणि अपाचेला सांगितलं, बोगद्यातून येईल त्यालाच पान दाखव. यासाठी बाहेरून पोचता येईल असा आयपी पत्ता लागतो. अनेक कंपन्या एकच पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात, तेव्हा आपला वेगळा मागून घ्यावा लागतो.

सगळं चालू झाल्यावर कमिटीतले एक बुजुर्ग बघायला आले. हिरव्या रांगा पाहून खूश झाले. मग हळूच म्हणाले, "सर, स्टाफमधलं कोण मोबाईलवर काय बघतं, तेही यात कळेल का?"

म्हटलं, "नाही साहेब, हे यंत्रांची तब्येत बघतं."

"मग कळेल असं काहीतरी बसवा ना."

बसवता येतं. कोणत्या फोनने कोणती साइट मागितली याची नोंद ठेवणं अवघड नाही. मी नकार दिला. त्यांना तो आवडला नाही.

मराठीत देखरेख वेगळी आणि पाळत वेगळी. देखरेख रोपाची, आजाऱ्याची, इमारतीची करतात. पाळत माणसावर ठेवतात, तीही त्याला नकळत. उर्दूत निगरानी आणि जासूसी यांत तोच फरक आहे. आणि जासूस हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याच धातूपासून तजस्सुस येतो. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत त्याचीच मनाई आहे: एकमेकांच्या झाकल्या गोष्टी धुंडाळू नका. सूरह नूर तर दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकण्याआधी इजाजत घ्या, सलाम करा म्हणते. माणसाचा फोन आज त्याच्या घरापेक्षा कमी खासगी राहिलेला नाही.

बुजुर्गांना रिकाम्या हाती मात्र पाठवलं नाही. माझा पासवर्ड दिला नाही, त्यांच्या नावाचं वेगळं खातं काढलं आणि ते नागिओसच्या फक्त वाचणाऱ्यांच्या यादीत घातलं. त्यांना सगळं दिसतं, पण कुठलंही बटण दाबून काही बदलता येत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्या पदाधिकाऱ्यांनाही हेच सोयीचं. माणूस बदलला की एक खातं बंद, बाकीच्यांचं कुलूप तेच.

मग एका कागदावर लिहिलं: हा पीसी कोणती यंत्रं तपासतो, किती मिनिटांनी, ते पान कोणाकोणाला दिसतं, आणि काय तपासत नाही. तो स्टाफरूमच्या फळ्यावर लावला. दोन दिवस लोक थांबून वाचत होते. एका मॅडमनी विचारलं, "म्हणजे आमचं काही दिसत नाही?" मी कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

तुमच्या शाळेत, मदरशात, मशिदीच्या ऑफिसात कोणी असं काही बसवत असेल, तर बसवणाऱ्याकडून असा कागद जरूर मागा. तो भिंतीवर लावायला कुणी कचरत असेल, तर ते काम देखरेखीचं नाही एवढं समजा.