कोपऱ्यातला ग्लास

मालेगावात वाढलेल्या माणसाला लूमच्या खटखटीशिवाय झोप येत नाही. फर्स्ट इयरला होस्टेलवर मला हाच त्रास झाला! आमच्या घरामागच्या शेडमध्ये आठ लूम. त्यातल्या दोनांवर एक चाचा असायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा तुटलेला धागा जोडताना त्यांचं बोट चांगलंच कापलं, कापडावर रक्त सांडलं आणि चाचांना पत्ताच नाही! मी "चाचा, खून!" म्हणून ओरडले, तेव्हा कुठे त्यांनी हाताकडे पाहिलं.

पुढे कळलं, कुष्ठरोग. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. आणि आमच्याकडे सगळ्या कामगारांचा चहा एकाच ट्रेमधून जायचा, त्यातून एक ग्लास वेगळा झाला. तो शेडच्या कोपऱ्यात पालथा असायचा. त्यात चहा ओतायचं काम माझं. मी लांबूनच ओतायचे. तिकडे स्कूलमध्ये सिस्टर, येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरं केल्याची गोष्ट सांगायच्या. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क्स!

हे सगळं विसरले होते. यंदा सेमिनारसाठी टॉपिक शोधताना कमल रणदिवे भेटल्या आणि सगळं आठवलं.

कमलताई मूळच्या पुण्याच्या, जन्म १९१७चा. वडील फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, पण ताईंनी पेशींचा अभ्यास निवडला. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट, मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या. परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची लॅब उभी केली. आपल्या देशातली ती पहिली म्हणतात. त्यांचं मोठं काम कॅन्सरवरचं, पण त्याच लॅबमध्ये कुष्ठरोगाचं कामही चाललं.

या रोगाचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्येच पाहिला होता, पण तो काचेच्या बशीत काही केल्या वाढत नाही. त्याला हव्या असतात आपल्या नसा. म्हणून त्वचेची जाणीव जाते. त्यातही गंमत अशी की नसांचं बरंचसं नुकसान आपलीच प्रतिकारशक्ती करते. शत्रूला मारताना फौज घरातलीच वायर तोडते, तसं! ज्याची ही फौज जोरात, त्याच्या अंगावर मोजकेच चट्टे. जिची फौज थंड, तिच्या अंगभर जंतू.

मग ताई, बापट आणि खानोलकर यांनी काय केलं? पेशंटच्या गाठीतले जंतू चेतापेशींच्या कल्चरवर ठेवले. १९५८ मध्ये एक जंतू वाढल्याचं त्यांनी जाहीर केलं. पुढे कळलं की तो कुष्ठरोगाचा नव्हेच, त्याच्या लांबच्या नात्यातला! आपल्याकडे असं झालं की आपण फाईल बंद करून कॅन्टीन गाठतो. पण तिथल्याच डॉ. देव यांनी त्या 'चुकीच्या' जंतूपासून लस केली. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं. नुसत्या बीसीजीने ३४. ताईंना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार सुचवला. चाचांच्या गोळ्या त्याच.

आणि इथे मी अडकले. त्या गोळ्या सुरू झाल्या की पेशंटपासून लागण होण्याचा धोका लवकरच संपतो. म्हणजे तो ग्लास वेगळा ठेवायची गरजच नव्हती. आमच्याकडे तो तीन वर्षं तसाच होता.

दिवाळीत घरी गेले तेव्हा शेडमध्ये पाहिलं. ग्लास अजून आहे, त्यात आता खिळे आणि नट-बोल्ट ठेवतात. आईला विचारलं तर म्हणाली, "तेव्हा कोणाला काय कळत होतं गं!" पण गोळ्या देणाऱ्या सिस्टरांनी घरी येऊन सगळं सांगितलं होतं, हे मला आठवतं. बधिर फक्त चाचांचं बोट नव्हतं.

चाचा मुलाकडे भिवंडीला गेलेत. नंबर मिळवलाय. काय बोलायचं, ते अजून ठरत नाही.