काचेतला मामा तलाव

पाण्यातलं गवत गेलं की मासोळी जाते, हे मासेमारी करणाऱ्या ढीवरांच्या बोलण्यातून या शिक्षिकेच्या कानावर लहानपणीच पडलं होतं. तिचं गाव नागभीडकडच्या धानपट्ट्यातलं, गावाला मामा (माजी मालगुजारी) तलाव. मालगुजारांच्या काळातले हे तलाव मालगुजारी गेल्यावर, 1950 नंतर, सरकारकडे आले.

पुढे ती विज्ञान शिकवायला गडचिरोलीत आली. हा हिवतापाचा जिल्हा, त्यामुळे डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे इथे सगळ्यांच्या ओळखीचे. त्यातलेच चार-सहा तिने वर्गातल्या काचेच्या टाकीत ठेवले. पंप नाही, फिल्टर नाही; तळाला माती, वर बारीक वाळू आणि भरपूर हायड्रिला ही पाणवनस्पती.

हा प्रयोग जुना आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1850 च्या सुमारास दोन गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवले. पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं नि पाणी निवळलं.

मुलांना ती याच्याही पुढचं सांगायची. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया येतो, तो विषारी. वाळूवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते वनस्पती शोषून घेतात. जिवाणूंची वस्ती जमायला काही आठवडे लागतात, म्हणून नव्या टाकीत पहिल्याच दिवशी मासे भरायचे नसतात. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर टाकीत जीव जास्त झाले आहेत.

आता ती चंद्रपुरात राहते. इथला मे महिना टाकीची खरी परीक्षा घेतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. म्हणून उन्हाळ्यात ती खाणं कमी करते, टाकी खिडकीपासून दूर सरकवते.

तलावांचंही गणित हेच. बेशरम हे झुडूप माजलं, गाळ साचला, पाणगवत गेलं आणि अंडी घालायला आडोसा उरला नाही. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावकडे, कार्यकर्ते मनीष राजनकर आणि ढीवर बायांनी बेशरम उपटून, तलावाचा तळ नांगरून पाणवनस्पती पुन्हा लावल्या. काचेच्या टाकीने तिला जे शिकवलं, ते या बायांना आधीपासून ठाऊक होतं, असं ती मनापासून मानते.

गप्पी पिल्लं देतात आणि टाकी बघता बघता भरते. ती पिल्लं तलावात मात्र सोडू नका. हा मासा दक्षिण अमेरिकेतला आहे. आपल्या तलावातल्या मासोळीची अंडी-पिल्लंही तो खातो.