सहावीतलं फ्रेंच

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूल चार वर्षांचं झालं की ओळखीचे लोक विचारू लागतात, "इमर्शनला घालताय का?" इमर्शन म्हणजे फ्रेंच भाषकांची शाळा नव्हे. त्यांच्या शाळा वेगळ्या असतात आणि तिथे प्रवेशाचा हक्क मुख्यतः फ्रेंच घरांतल्या मुलांना असतो. इमर्शनचे वर्ग नेहमीच्या सरकारी शाळेतच भरतात, घरी फ्रेंच न बोलणाऱ्या मुलांसाठी; फक्त तिथे गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं फ्रेंचमधून शिकवतात. आम्ही सांगलीहून इथल्या कोक्विटलमला आलो तेव्हा थोरली तिसरीत होती. त्यामुळे बालवाडीतला तो प्रवेश आमच्यासाठी कधीच संपलेला होता आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं. ती पाचवीत असताना शाळेतून पत्रक आलं: सहावीपासून 'लेट इमर्शन', आधी फ्रेंच यायलाच हवं अशी अट नाही.

नवऱ्याने लगेच हिशेब मांडला. केंद्र सरकारच्या नोकऱ्या, इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषा येणाऱ्यांना प्राधान्य, वगैरे. अकरा वर्षांच्या पोरीच्या नोकरीची चिंता मला आत्ताच करायची नव्हती. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर वेगळाच मुद्दा काढला. "अगं, तिला मराठी धड वाचता येत नाही. पत्र लिहिलं तर वेलांट्या सगळ्या उलट. आणि आता फ्रेंच कशाला?" हा मुद्दा खरा होता, म्हणून जास्त लागला.

माहितीच्या संध्याकाळी शाळेच्या ग्रंथालयात खुर्च्या कमी पडल्या. माझ्या एका बाजूला कोरियन जोडपं, दुसऱ्या बाजूला इराणी आई, मागे चिनी आजोबा. फ्रेंच येणारं पालकांत क्वचितच कुणी असावं. सहावीचं वर्ष जवळजवळ संपूर्ण फ्रेंचमधून, सातवीत इंग्रजी विषय परत येतो, पुढे हायस्कूलमध्ये फ्रेंचचा वाटा कमी होत जातो आणि बारावीनंतर मुलांना दोन प्रमाणपत्रं मिळतात, असं मुख्याध्यापिकांनी समजावलं. अर्ज जास्त आले तर सोडत. पूर्वी या प्रांतातल्या काही गावांत आईबाप जागेसाठी रात्रभर शाळेबाहेर रांगा लावून बसत, हे नंतर एका शेजारणीने सांगितलं. त्या मानाने सोडत बरी.

मी मात्र फळ्यावरच्या आलेखापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत अडकले होते. थोरली इथे आली तेव्हा तिला इंग्रजी पुरेसं येत नव्हतं. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना वर्गातून वेगळं काढून एका छोट्या खोलीत नेत, तिलाही नेत. बाकीची मुलं विज्ञानाचा प्रयोग करत असताना ही चित्रं पाहून 'छत्री', 'बूट' म्हणत असे. शिकवणाऱ्या बाई प्रेमळ होत्या, पोर शिकलीही लवकर, पण दारातून बाहेर पडताना सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन जाणं तिला अजून आठवतं. लेट इमर्शनच्या पहिल्या दिवशी वर्गातलं प्रत्येक मूल शून्यावर असणार होतं. इथे जन्मलेलं, तीन पिढ्या इंग्रजी बोलणारं मूलसुद्धा. या देशात आल्यापासून ती पहिल्यांदाच कुणाच्या मागे नसणार होती. मला ही बाजू कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठी वाटली, आणि पत्रकात ती कुठेच लिहिलेली नव्हती.

उशिरा सुरू करण्याची भीती मला फारशी नव्हती, कारण ते मी स्वतः भोगलेलं आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी सायन्सला एकदम सगळं इंग्रजीतून. पहिल्या तासाला भौतिकशास्त्राचे सर काय बोलले त्यातलं मला फक्त 'न्यूटन' कळलं होतं. त्याला कुणी इमर्शन म्हणत नव्हतं, "जमेल हळूहळू" म्हणत. आणि जमलं, कारण वेग, बल, घर्षण हे सगळं डोक्यात आधीच होतं. त्याला नवी नावं चिकटवायची होती. टोरोंटोचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हेच मांडलं आहे की एका भाषेत पक्कं झालेलं ज्ञान दुसरीत पुन्हा पहिल्यापासून मिळवावं लागत नाही. मॉन्ट्रियलमध्ये फ्रेड जेनेसी या अभ्यासकांनी लहानपणी आणि उशिरा सुरू करणाऱ्या मुलांची तुलना केली. फ्रेंचचे तास कितीतरी कमी मिळूनही उशिरा आलेली मुलं पुष्कळ बाबतींत आधीच्यांच्या जवळपास पोचलेली दिसली. मोठ्या मुलाला वाचता येतं, व्याकरणाचा नियम सांगितला तर कळतो, आणि मुख्य म्हणजे आपण हे का करतोय ते त्याला माहीत असतं. "जितकं लहान तितकं चांगलं" हे वाक्य आपल्याकडेही इंग्रजी माध्यमाच्या बाबतीत इतक्या खात्रीने फेकलं जातं की कुणी तपासूनच बघत नाही.

फरक एवढाच की आम्हाला अकरावीत पाण्यात ढकलून सर काठावरून निघून गेले होते. इथे शिक्षिकेला माहीत असतं की मुलांना भाषा येत नाही. ती हातवारे करते, चित्र काढते, तेच वाक्य पाच तऱ्हांनी म्हणते.

इमर्शनचा जन्मही वाचण्यासारखा आहे. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमधल्या इंग्रजी बोलणाऱ्या काही आयांना दिसत होतं की शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकूनही मुलं शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलू शकत नाहीत. त्यांनी शाळा मंडळाच्या मागे लागून १९६५ मध्ये बालवाडीचा एक प्रायोगिक वर्ग सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट यांनी त्या मुलांची प्रगती वर्षानुवर्षं मोजली. दोन्ही भाषांना समान दर्जा देणारा केंद्रीय कायदा त्यानंतर, १९६९ मध्ये आला.

या योजनेची एक दुखरी नसही आहे. अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ च्या सुमाराला दाखवून दिलं की इमर्शनच्या मुलांना ऐकून-वाचून जवळजवळ सगळं समजतं, पण बोलताना-लिहिताना ती अडखळतात, कारण वर्गात त्यांना बोलायला फारसं लावतच नाहीत. म्हणून वर्ग बघायला गेलो तेव्हा मी निकालांबद्दल काही विचारलं नाही. एका तासात किती मुलं पूर्ण वाक्य बोलतात, ते मोजत मागच्या बाकावर बसले. बरीच बोलत होती, चुकत होती, बाई थांबवून पुन्हा म्हणायला लावत होत्या. मधली सुट्टी झाली आणि सगळा वर्ग क्षणात इंग्रजीत ओरडत बाहेर पळाला. मला हसू आलं.

वाचायला जड जाणाऱ्या मुलांना या वर्गांत पुरेशी मदत मिळते का, हा प्रश्न माहितीच्या संध्याकाळी त्या इराणी आईने विचारला होता. उत्तर गोलमोल आलं. तिने मुलाचा अर्ज भरला नाही आणि माझ्या मते बरोबर केलं. इमर्शन सगळ्यांसाठी खुलं आहे असं म्हणतात, पण फ्रेंच येणारे शिक्षकच साऱ्या कॅनडात कमी पडतात, तिथे फ्रेंच येणारे विशेष शिक्षक कुठून आणणार? न्यू ब्रन्सविक या एकमेव अधिकृत द्वैभाषिक प्रांतात तर २००८ मध्ये सरकारने पहिलीपासूनचं इमर्शन बंद करून तिसरीवर नेलं आणि २०१७ मध्ये परत पहिलीवर आणलं. त्या वादात एक कळीचा मुद्दा हाच होता: अभ्यासात पुढे असलेली मुलं इमर्शनमध्ये जातात आणि अडचणी असलेली इंग्रजी वर्गात साचतात.

थोरलीला आम्ही विचारलं, पण लगेच उत्तर मागितलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "गणितपण?" दुसरा, "चुकलं तर हसतील का?" कोक्विटलममध्ये सहावीला सगळेच नव्या शाळेत जातात, त्यामुळे मैत्रिणी तुटण्याचं भय थोडं कमी होतं. मार्चमध्ये तिला मेलार्डव्हिलला नेलं. १९०९ मध्ये इथल्या लाकूड गिरणीत काम करायला क्युबेकहून आलेल्या कुटुंबांनी वसवलेली ही वस्ती आमच्या घरापासून लांब नाही. दर मार्चमध्ये तिथे 'फेस्टिव्हाल द्यु ब्वा' भरतो. बर्फावर ओतलेला मेपलचा गरम पाक काडीवर गुंडाळून खाताना तिने म्हाताऱ्या-म्हाताऱ्या बायकांना फ्रेंचमध्ये भांडताना ऐकलं. तोवर फ्रेंच म्हणजे कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याची दुसरी बाजू होती. घरी येताना गाडीत म्हणाली, "आई, भर अर्ज. पण मला नाही आवडलं तर परत यायचं." ही अट आम्ही मान्य केली, मनापासून.

सोडतीत नंबर लागला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती शाळेतून आली की दप्तर टाकून सोफ्यावर झोपून जायची. दिवसभर कान टवकारून बसण्याचा थकवा काय असतो ते मला ठाऊक होतं. वर्गातली काही मुलं नाताळच्या आत इंग्रजीकडे परतली. ही राहिली. गणिताच्या वहीत साडेतीन लिहिताना दशांशचिन्हाऐवजी स्वल्पविराम बघून नवरा खवळला, मग फ्रेंचमध्ये तसंच लिहितात हे तिने त्याला ठसक्यात सांगितलं. आता गृहपाठात आमची मदत होत नाही, याचा तिला जरा जास्तच आनंद आहे.

धाकटा पुढच्या वर्षी बालवाडीत जाईल. त्याच्यासाठी इमर्शनचा अर्ज आम्ही भरलेला नाही. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही, थोरलीलाही नाही. तिच्या मते हा अन्याय आहे. माझं म्हणणं, त्याला सहावीत विचारू. तोवर रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची मराठी शाळा, आणि त्याच्या शेजारी वेलांट्या गिरवायला थोरलीनेही बसायचं. याला तिने होकार दिला आहे, पण तिचीही अट आहे: मीपण तिच्याकडून रोज दहा मिनिटं फ्रेंच शिकायचं. ती कडक बाई आहे, चुकलं की पूर्ण वाक्य पुन्हा म्हणायला लावते.